चाळणीचा डावा डोळा

गोलकीपरला ‘चाळणी’ हे नाव चष्मेवाल्यानेच दिलं होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. हंगामाच्या चौथ्या सामन्यात गोलकीपरने एकामागोमाग तीन गोल खाल्ल्यावर चष्मेवाला बाकावर उभा राहून ओरडला होता, “अरे, हा गोलकीपर आहे की चाळणी?” पुढच्या आठवड्यात निम्मं स्टेडियम तेच म्हणायला लागलं आणि महिन्याभरात पेपरातही छापून आलं. नाव मूळ कुणाचं ते मात्र पेपरवाल्यांनी लिहिलं नाही, एवढंच काय ते त्याला खटकलं.

तशी नावं ठेवण्यात तो पटाईतच. उजवा बचावपटू म्हणजे ‘लिफ्ट’, कारण वर गेला की वरच अडकायचा, खाली कुणी वाट बघतंय याची त्याला फिकीर नसायची. कप्तान म्हणजे ‘वाहतूक पोलीस’, नव्वद मिनिटं नुसते हात दाखवायचा. आणि गोल मारण्यासाठी क्लबने ज्याला गाजावाजा करून आणला होता तो ‘पाहुणा’. समोरच्यांच्या गोलपाशी जायचा, घटकाभर टेकायचा आणि कशालाही न शिवता परत यायचा. या सगळ्यांचं दळण चष्मेवाला आठवडाभर घरात आणि आपल्या चष्म्यांच्या दुकानात दळत असे. त्याच्या बायकोने आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता, पण कुठला गोल कुणाच्या गाढवपणामुळे झाला हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती.

आता शनिवारी शेवटचा सामना होता. बरोबरी झाली तरी क्लब वरच्या गटात टिकणार होता. हरला तर खालच्या गटात. चष्मेवाल्याचं मत स्पष्ट होतं की चाळणी गोलमध्ये उभी असेपर्यंत बरोबरीचं नावही काढू नये.

आणि गुरुवारी दुपारी, बायको काउंटरवर फ्रेमा पुसत असताना आणि चष्मेवाला एक काच घासत असताना, दुकानाचं दार उघडलं आणि चाळणी आत आली. म्हणजे आला. चौकटीला डोकं लागू नये म्हणून तो वाकला आणि मग सरळ झाला, तेव्हा दुकान एकदम लहान दिसायला लागलं. त्याच्यामागे बसड्रायव्हरच्या गणवेशातली एक बाई होती.

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. ते हात त्याने आजवर साठ मीटरवरून पाहिले होते. एवढ्या जवळून ते फार मोठे होते.

“सी गॅलरी, सातवी रांग. तुम्हीच ना काका?” बाईने विचारलं.

“कधीमधी जातो,” चष्मेवाला म्हणाला.

“एकही सामना चुकवत नाहीत,” बायको फ्रेम पुसता पुसता म्हणाली.

“मी याची मोठी बहीण. सहाव्या रांगेत बसते, तुमच्या अगदी पुढे. हंगामभर तुमचा आवाज माझ्या मानेवर आदळतोय. तुमचं दुकान कुठे आहे तेही तिथेच कळलं.”

तेव्हा त्याला ओळख पटली. हिरव्या टोपीवाली! वर्षभरात एकदाही मागे वळून न बघितलेली बाई. तिच्या डोक्यावरून तो काय काय ओरडला होता ते सगळं त्याला एका क्षणात आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“ताई, मी... खेळाच्या भरात माणूस बोलतो...”

“भांडायचं असतं तर चौथ्या सामन्यालाच मागे वळले असते,” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात तुम्ही शेजारच्यांना सांगत होतात, की दुपारच्या सामन्यात हा माणूस असतो आणि दिवे लागले की खांब होतो. आठवतंय?”

आठवत होतं. चांगला हशा पिकला होता.

“त्या दिवसापासून मी घरी याच्यावर नजर ठेवून आहे. संध्याकाळी पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर ओततो. जिन्यात भिंतीला हात लावून उतरतो. मला माझ्या नोकरीत दर वर्षी डोळे तपासावे लागतात, त्यामुळे मला थोडं कळतं. याचे डोळे बघा.”

“काही झालेलं नाही मला,” गोलकीपर पहिल्यांदाच बोलला. “दर हंगामाला क्लबचे डॉक्टर तपासतात.”

“मग आणखी एकदा तपासून घ्यायला काय जातंय?” ती म्हणाली आणि कोपराला धरून त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. सहा फुटांचा माणूस मुकाट्याने गेला.

तपासणीच्या खोलीत चष्मेवाल्याला धीर आला. इथे तो चष्मेवाला होता, बाकीचं सगळं दाराबाहेर. गोलकीपरला त्याने उंच खुर्चीत बसवलं, दिवा मंद केला आणि समोरचा तक्ता उजळला. उजवा डोळा उत्तम होता. मग उजवा झाकून डाव्याने वाचायला सांगितलं, तर त्याने सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळही घडाघडा म्हणून दाखवली. जरा जास्तच घडाघडा. अक्षरं वाचणारा माणूस कुठेतरी अडखळतो, डोळे बारीक करतो. हा तर पाढे म्हणत होता.

चष्मेवाल्याने काही न बोलता तक्ता काढून दुसरा लावला.

गोलकीपर खुर्चीत पुढे वाकला.

“वरची दोन दिसतायत,” बऱ्याच वेळाने गोलकीपर म्हणाला. “त्याच्या खाली धूर आहे.”

“पहिला तक्ता पाठ केलास?”

“सगळीकडे तोच असतो. तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे लिफ्ट असतो. तुम्ही ज्याला लिफ्ट म्हणता, तो. मोठ्याने वाचतो.”

“वेडा आहेस का रे तू?” बहीण ओरडली. “का लपवलंस?”

मग ती चष्मेवाल्याकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. “आमचे बाबा क्रेन चालवायचे. चाळिशीच्या आत डावा डोळा गेला. मग उजवा. डोळ्याचा पडदा खराब झाला होता. सुरुवात अशीच झाली होती, आधी फक्त संध्याकाळी दिसेनासं झालं.”

“मला कळून घ्यायचंच नव्हतं,” गोलकीपर म्हणाला. “एकदा कळलं की खेळ संपला. न कळता निदान हा हंगाम तरी निघाला असता.”

चष्मेवाला स्टुलावर बसला. ज्याला तो तेहेतीस सामने आळशी, भित्रा, झोपाळू म्हणत आला होता, तो पोरगा अर्ध्या उजेडात अंदाजाने चेंडूवर उड्या मारत होता. आपली जीभ कुणीतरी उपटून काढावी असं त्याला वाटलं. पण लाज वाटून डोळ्याचा नंबर निघत नाही. त्याने कागद पुढे ओढला.

“चौथा सामना,” तो म्हणाला. “तिन्ही गोल. चेंडू कुठून आले होते?”

“डावीकडून,” गोलकीपर म्हणाला. “उंच.”

“आणि सात वाजून गेले होते. सातवा सामना दुपारचा होता, त्यात गोल नाही. नववा?”

“नवव्यात पहिला डावीकडून, दुसरा लिफ्ट वर अडकला म्हणून,” दारातून आवाज आला. बायको पडदा बाजूला करून उभी होती. “माझ्याकडे काय बघताय? कान किटले ऐकून ऐकून. बाराव्यातला गोल दुपारचा होता, पण ढग भरून आले होते असं तुम्हीच म्हणाला होतात.”

मग दोघांनी मिळून अख्खा हंगाम उलगडला. जे जे गोल चष्मेवाल्याने वर्षभर चघळले होते, ते सगळे एकेक करून कागदावर उतरले. दिवे लागल्यावर, डावीकडून, उंचावरून. समोरून मारलेले फटके मात्र या पोराने भरपूर अडवले होते, दोन पेनल्टीसुद्धा. त्याबद्दल आपण एकदाही टाळी वाजवली नाही, हेही चष्मेवाल्याला त्याच कागदावर दिसलं.

“आणि चेंडू डावीकडे असला की तू मान पार खांद्यापर्यंत वळवतोस. मी म्हणायचो, याची मान कुणी उलटी बसवलीय. अरे, तू उजवा डोळा चेंडूसमोर आणत होतास!”

“मग हे बाबांसारखंच आहे का?” बहिणीने विचारलं.

ते अजून कळायचं होतं. चष्मेवाल्याने खणातून एक काळी चकती काढली, बारीक बारीक भोकांची. साध्या नंबरामुळे धूसर दिसत असेल तर या भोकांतून बघितल्यावर अक्षरं स्वच्छ दिसायला लागतात. बिघाड आत पडद्यात असेल तर काहीच फरक पडत नाही. गेल्या तीस वर्षांत त्याने ही चकती हजारदा लोकांच्या डोळ्यांपुढे धरली असेल, पण आज त्याने ती आधी दोनदा पुसून घेतली.

गोलकीपरने चकतीकडे बघितलं. “चाळणीच आहे की ही.”

कुणी हसलं नाही. चष्मेवाल्याने त्याचा उजवा डोळा झाकला, डाव्यापुढे चकती धरली आणि तिसरा, कुणालाच पाठ नसलेला तक्ता लावला.

बहिणीने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मग गोलकीपरने एक अक्षर वाचलं. मग दुसरं. अडखळत, थांबत, एकदा चुकून परत दुरुस्त करत तो एकेक ओळ खाली उतरत गेला. खालून दुसऱ्या ओळीपाशी येऊन तो थांबला आणि म्हणाला, “धूर गेला.”

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. “नंबर आहे रे बाळा!” तो जवळजवळ ओरडलाच. “नुसता नंबर! आणि त्यात थोडा तिरपा नंबर. अर्ध्या गावाला असतो, मला याच्या तिप्पट आहे!”

तरी तो तेवढ्यावर थांबला नाही. इमारतीत वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडे तो स्वतः दोघांना घेऊन गेला. थेंब घालून, तासभर बसवून बाईंनी डोळ्याच्या आतून नीट पाहिलं आणि सांगितलं, पडदा ठणठणीत आहे, दोन्हीकडे. वडिलांचं यात काही नाही. बहीण बाहेर आली, जिन्याच्या पायरीवर बसली आणि गणवेशाच्या बाहीत तोंड खुपसून मनसोक्त रडली. मग नाक पुसून भावाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. “महिनाभर उडवलीस माझी झोप,” ती म्हणाली. आज तिला कुणी हत्तीवरून साखर वाटायला सांगितलं असतं तरी तिने वाटली असती.

चष्मेवाल्याने डोळ्यात घालायची लेन्स दिली, पण एका अटीवर. प्रशिक्षकाला खरं सांगायचं. गोलकीपरने सांगितलं. प्रशिक्षकाने त्याला जे सुनावलं ते चष्मेवाल्यालाही नवीन होतं, असं नंतर कळलं. पण शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून डावीकडून चाळीस उंच चेंडू मारून बघितले, त्यातले सदतीस याने धरले, आणि शनिवारी तोच गोलमध्ये उभा राहिला.

शनिवारी सातव्या रांगेतला चष्मेवाला तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. शेजाऱ्याने विचारलं, “घसा बसलाय का?” पुढे हिरवी टोपी ताठ बसली होती. पाहुण्याने, काय सुचलं कोण जाणे, पूर्वार्धातच गोल मारला. सगळं स्टेडियम उठून नाचलं. चष्मेवाला बसूनच होता. त्याचं लक्ष आकाशाकडे होतं.

सातच्या सुमारास दिवे लागले. आणि पाच मिनिटांत तो चेंडू आला, डावीकडून, उंच, दिव्यांच्या बरोब्बर खालून. गोलकीपरची मान सरळ होती. तो दोन पावलं पुढे आला, उडाला आणि झाडावरचं फळ तोडावं तसा चेंडू त्याने खाली आणला. चष्मेवाल्याने आपला चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छच होत्या, डोळे भरले होते.

असे सहा चेंडू आले आणि सहाही त्याने धरले. मग सामना संपायला पाच मिनिटं असताना साधा, जमिनीवरून घरंगळत आलेला चेंडू त्याच्या पायाशी आला. लाथ मारून लांब पाठवायचा सोडून पठ्ठ्याला कला दाखवायची हुक्की आली. समोरच्या खेळाडूला चकवायला गेला, तंगडीत तंगडी अडकून पडला आणि चेंडू आरामात गोलमध्ये गेला. एक-एक.

स्टेडियम सुन्न झालं. चष्मेवाल्याने चटकन विचार केला. चेंडू समोरून आला. जमिनीवरून. मान सरळ. म्हणजे यात डोळ्याचा काडीचाही संबंध नव्हता. हा शंभर टक्के, निखळ, ठणठणीत मूर्खपणा होता! दोन दिवस छातीवर बसलेला दगड एकदम उतरला आणि तो बाकावर चढून गरजला, “अरे गाढवा! अकलेच्या कांद्या! नाचायचं असेल तर घरी नाच!”

हिरवी टोपी मागे वळली. हंगामात पहिल्यांदाच. “काका, आणखी जोरात!” ती म्हणाली, आणि स्वतःच बाकावर चढली. शेवटची पाच मिनिटं त्या दोघांनी मिळून त्याची अशी काही खरडपट्टी काढली की आजूबाजूचे लोक सामना सोडून त्यांच्याकडे बघत राहिले.

बरोबरीत सामना सुटला. क्लब टिकला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. गोलकीपर मात्र मैदान ओलांडून एकटाच सी गॅलरीकडे आला, खाली थांबला आणि रांगा बघत बघत सातवीवर येऊन थांबला. मग त्याने एका हाताने उजवा डोळा झाकला.

चष्मेवाल्याने दोन बोटं वर केली.

खालून, मोकळ्या हाताची दोन बोटं वर आली.