महाराजांच्या अंगठ्याखाली

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. खासबागेतल्या मारुतीरावांच्या कॉम्प्युटर क्लाससमोर चपलांचा खच पडला होता. आत परशराम महाराज पायांवर भगवी छाटी ओढून, दोन्ही हात वर करून खुर्चीत बसले होते आणि समोरच्या नव्या वर्कस्टेशनच्या पडद्यावर बाण आपोआप सरकत होता!

"यंत्रात देव उतरलाय! बोला, काय इचारायचं?" महाराज गरजले.

जांबोटीची गुणाबाई पुढं झाली. "देवा, लेकीला फिट येत्यात. डॉक्टरच्या गोळ्या चालू ठेवू व्हय?"

बाण थरथरत खाली आला. एक ओळ काळी झाली. मारुतीरावांनी ती मोठ्यानं वाचली, "गोळ्या बंद. अंगारा लावा."

लोकांनी हात जोडले. कोपऱ्यातल्या कृष्णातनंही जोडले. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या हमालाचा हा मुलगा इंजिनिअर झाला होता. बाण कसा सरकतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "जाहिरात होतीय, गप बस," मारुतीराव म्हणाले होते. क्लासातली नवी नोकरी; तो गप्प बसला.

आठ दिवसांनी गुणाबाई लेकीला घेऊन परत आली. फिटमध्ये पोरीची जीभ चावली गेली होती. सोबत गुणाबाईची बहीण, अनगोळच्या शाळेतली अक्काताई मास्तरीण होती.

"महाराज, आधी पाया पडू द्या," अक्काताई म्हणाली.

"आज पाया न्हाय!" महाराजांनी पाय झटकन मागं घेतला. तसा बाणही पडद्याच्या कोपऱ्यात पळाला. अक्काताईनं पायांवरची भगवी छाटी उचलली. खाली वायर जोडलेली एक डबी होती.

"हे काय हाय?"

सगळे कृष्णातकडं वळले.

"माऊस," तो कसाबसा म्हणाला. "आत फिरणारी गोळी असती. अंगठ्यानं डबी सरकवली की बाण सरकतोय. बटण दाबलं की ओळ काळी होती. मजकूर लिहायचा एडिटर हाय ह्यो, माऊसवर चालणारा. मीच बसवलाय. उत्तरंबी आधीच लिहून ठेवल्यात."

"कुणी लिहिली?"

"मारुतीरावांनी चिठ्ठी दिली. टाईप मी केली. गोळ्या बंद करायची ओळबी."

गुणाबाईनं महाराजांकडं बघितलंसुद्धा नाही. "लेकरा," ती कृष्णातला म्हणाली, "तू शिकलेला. तू हात जोडलास, म्हणून मला खरं वाटलं."

त्यानं पोरीला उचललं आणि तो डॉक्टरकडं न्यायला निघाला. दारात गर्दी होती. तिथं तो थांबला.

"डोळ्याला उमगंना तिथं हात घालून बघा. इचारा, कसं झालं म्हणून. आणि माझ्यासारखा शिकलेला गप बसला असंल, तर आधी त्यालाच इचारा."