नऊ मीटर जादा

चाळीस वर्षे दुसऱ्यांचे कपडे बेतणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतच टेप असते, असे मास्तर म्हणत, आणि ते म्हणणे पोकळ नव्हते. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याच्या छातीचे माप त्यांनी मनात टिपलेले असे. कापड मारल्याचा बोल मात्र त्यांना कधी लागला नाही. उरलेली वीतभर चिंधीसुद्धा ते घडी घालून गिऱ्हाइकाच्या पुडक्यात ठेवत. या पुण्याईवर घरी येणाऱ्या प्रत्येक कारागिराशी, मग तो नळवाला असो की रंगारी, इंचाइंचावरून वाद घालण्याचा आपल्याला हक्कच आहे, अशी त्यांची समजूत होती.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची पत्नी दोनदा भोवळ येऊन पडली. ती दोघे झोपत ती मागची खोली पश्चिमेची. वर उघडा स्लॅब, बाजूला उन्हात भाजून निघणारी भिंत. दुपारी तीननंतर तिथे तांब्यातले पाणीही कोमट होई. डॉक्टरांनी बजावले, "यांची खोली गार ठेवा, औषधाचं मग बघू." मास्तरांनी पायमशीन आणि कापड कापायचे लांबरुंद टेबल विकले, बँकेतली ठेव मोडली आणि सारी रक्कम मुलाच्या हाती दिली. "बाबा, आता यात तुम्ही डोकं घालू नका," मुलगा म्हणाला, "मी बघतो सगळं." दुसऱ्या कुणाचे हे शब्द मास्तरांनी ऐकून घेतले नसते. पोटच्या पोराचे ऐकले.

एसीचा खोका येऊन बोळात उभा राहिला. तो बसवणारा फिटर रविवारी दुपारी यायचा होता. दुसरीकडचे काम रद्द झाले म्हणून तो सकाळीच आला. मुलगा आणि सून बाहेर गेली होती. फिटरने खर्चाचा कागद पुढे केला आणि मास्तरांनी, पंगतीला बसावे तशा उत्साहाने, चष्मा लावला.

"हा स्टँड सोन्याचा आहे का?"

"लोखंडाचाच आहे, मास्तर. पण तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

"आणि भोक पाडायचे वेगळे पैसे! भिंत माझी, नुकसान माझं, वर पैसेही मीच मोजायचे?"

"फुकटही पाडून देतो. उंदीर लावावे लागतील, वेळ लागेल एवढंच."

मास्तर मनापासून हसले. माणूस तोडीस तोड होता. मग त्यांचे बोट पुढच्या ओळीवर थांबले. तांब्याचा पाइप, बारा मीटर: तीन मशीनबरोबरचे, नऊ जादा.

"हे काय? ही भिंत, तिच्यापलीकडे बाहेर. अडीच मीटर. वाकण धरून पावणेतीन म्हणा. बारा मीटरमध्ये तर तुम्ही मला शेजाऱ्यासकट गुंडाळाल."

फिटर गोंधळला. "पण मशीन या खोलीत कुठे बसतंय? ते पुढच्या खोलीत, तुमच्या मुलाच्या. बाहेरचं युनिट तेवढं इकडे. पुढच्या बाजूला खालचा दुकानदार लावू देत नाही ना. म्हणून पाइप तिकडून निघणार, बोळातून येणार, तुमच्या या भिंतीवरून आडवा जाऊन इथून बाहेर. या खिडकीखाली."

"आणि ते बाहेरचं युनिट काय करतं?"

"आतली उष्णता बाहेर फेकतं." बोलून गेल्यावर फिटरने खिडकीकडे पाहिले, मग तिला लागून असलेल्या खाटेकडे, मग उशीवर पसरलेल्या ओल्या पंच्याकडे. त्याचा आवाज उतरला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तीन आठवड्यांपूर्वीच मापं झाली. तुम्ही घरी नव्हता."

मुलाच्या लग्नानंतर त्याच्या खोलीत मास्तर न विचारता कधी गेले नव्हते. त्या दिवशी गेले. पलंगावरच्या भिंतीवर निळ्या खडूची बारीक फुली होती. खडू शिंप्याचा, चपटा, त्यांच्याच खणातला. सदऱ्यावर गुंडी कुठे यायची तिथे अशी फुली मारायला त्यांनी मुलाला आठव्या वर्षी शिकवले होते. हात धरून शिकवले होते. फुली अगदी बरोबर होती. दोन्ही रेघा समान, छेद मधोमध.

गिऱ्हाइकाने बायकोच्या झग्यासाठी दिलेल्या कापडातून शिंप्याने आपला अंगरखा बेतावा, हे पाप मास्तरांनी उभ्या आयुष्यात केले नव्हते. ते त्यांच्याच घरात, त्यांच्याच खडूने झाले होते.

मुलगा आला तेव्हा मास्तर कागद हातात धरून बोळात उभे होते. त्याने कागद पाहिला, फिटरला पाहिले, आणि आधीच तयार असलेले उत्तर दिले.

"आईला गारवा सोसत नाही, बाबा. सांधे धरतात तिचे. आणि दार उघडं ठेवलं की मागे थोडा वारा येईलच की."

"वारा येईल. पाइप येईल. भट्टीही येईल. मशीन तेवढं येणार नाही."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते!"

"नऊ मीटर लांब खोट आहे रे. आंधळ्याच्याही पायात अडकेल."

"पुरे करा." स्वयंपाकघराच्या दारातून मास्तरांची पत्नी बोलली. "त्याला बोलू नका. मीच हो म्हटलं."

"तू?"

"वेगळं बिऱ्हाड करायचं म्हणत होता. इतक्या उकाड्यात सूनबाई या घरात राहायला तयार नाही म्हणाला. त्यांची खोली गार झाली तर राहतील. मी म्हटलं, घ्या."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

ती पदराशी चाळा करीत राहिली. "तुम्ही वाद घातला असता."

ते खरे होते, म्हणूनच त्यावर वाद घालता येईना. मुलाने पैशांत फसवले, ते एक वेळ पचवता आले असते. पण तीन आठवडे ही बाई त्यांना रोज ताट वाढत होती, रोज "मशीन कधी बसणार गं?" असे त्यांच्या तोंडून ऐकत होती, आणि रोज "बसेल" म्हणत होती.

"तीन मीटर," मास्तर फिटरला म्हणाले. "या खोलीत. आत्ता."

"मग आम्ही बघतो आमचं," मुलगा म्हणाला आणि त्याने आपल्या खोलीचे दार लावून घेतले.

कागदावरची ओळ खोडली गेली आणि बसवण्याचा खर्च निम्म्यावर आला. एरवी हा विजय मास्तरांनी गल्लीभर सांगितला असता. त्यांनी आकडा वाचलासुद्धा नाही. काम संपल्यावर फिटर म्हणाला, "मशीन एका खोलीपुरतंच आहे. दार घट्ट लावून ठेवा. उघडं राहिलं तर ते नुसतं फिरत राहील, खोली गार होणार नाही."

दुपारी मास्तरांनी दार लावले आणि मशीन सुरू केले. पत्नी भिंतीकडे तोंड करून पडली. त्यांनी डोळे मिटले. जाग आली तेव्हा गळा घामाने भिजला होता. दार उघडे होते. त्यांनी उठून लावले. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले, तर फटीत तिची चप्पल अडकवलेली. आणि बोळाच्या टोकाला पुढच्या खोलीचे दारही आता किलकिले झालेले.

त्यांनी चप्पल उचलली. "अगं, तुझ्यासाठी बसवलंय ते," ते म्हणाले.

ती झोपेत असल्यासारखी हलली नाही, पण तिच्या पाठीवरचे पोलके ओले होते आणि श्वास जागेपणीचा होता.

मास्तर चप्पल हातात घेऊन उभे राहिले. वादाचे सगळे मुद्दे त्यांच्या बाजूचे होते. अखेर ते वाकले आणि चप्पल होती तिथे, होती तशी परत ठेवली. फट वीतभर राहिली. मग ते खाटेच्या कडेला बसले आणि तिचा पंचा पाण्यात बुडवून पिळू लागले. मशीन फिरत होते.