काळ्या राळेखाली

गिटारचा आवाज खरखरीत, भारदस्त करणारं ते पेडल डेसने टेबलावर ठेवलं आणि वर तोऱ्यात म्हणाला, "जपून हं, ब्रॉनविन. ट्रेंटच्या हातचं आहे. तुझ्या डब्यांसारखं नाही."

ब्रॉनविनच्या मस्तकात तिडीक गेली. तिने ट्रेंटच्या पेडलची रचना ढापली, अशी आवई फुट्सक्रे उपनगरातल्या पबात उठवणारा हाच तो डेस. तेव्हापासून तिची पेडलं कोणी घेईना. नशिबी उरली नुसती दुरुस्ती. चोराच्या उलट्या बोंबा, पण पुरावा कुठून आणणार? ट्रेंट आपल्या पेडलचं पोट काळ्या इपॉक्सी राळेने लिंपून टाकायचा. मोठे कारागीर म्हणे असंच करतात, विद्या चोरीला जाऊ नये म्हणून. विद्या! झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

"आत वायर तुटलीय. राळ काढावी लागेल," ती म्हणाली.

"काढ, पण आवाज बिघडला तर बघ! उद्या पबात वाजवायचंय मला."

तिने यंत्रातून गरम हवा सोडली, अगदी मंद. राळ मऊ पडायला हवी, पण सांध्यांचं सोल्डर वितळता कामा नये. ओढाताण केली की सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेघाही सोलून येणार. मग पेडलही मेलं आणि पुरावाही. चिमट्याला तिने हातच लावला नाही. लाकडी दातकोरण्याने कण कण उचलत राहिली.

"किती वेळ गं?"

"ये, तू कर."

डेस खुर्चीत मागे रेलला.

शेवटी बोर्डाची मागची बाजू मोकळी झाली. कोपऱ्यात तांब्यातच अक्षरं होती: बिस्किट.

ब्रॉनविन खो खो हसत सुटली. बिस्किट तिची कुत्री. आपल्या प्रत्येक बोर्डावर ती तिचं नाव उमटवायची. ट्रेंट महाशयांनी बोर्ड जसाच्या तसा छापला होता, कुत्रीसकट! अरे, नक्कल करायलाही अक्कल लागते.

तिने आपलं जुनं पेडल उघडून शेजारी ठेवलं. डेस एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला.

"ट्रेंटकडेही त्याच नावाची कुत्री असेल," तो पुटपुटला.

"हो ना! आणि अक्षर माझं गिरवत असेल."

तिने वायर जोडली. पेडल वाजलं.

"आता परत राळ ओत," डेस हळूच म्हणाला. "नाहीतर याला कोण विचारणार?"

"ओतणार नाही. आणि झाकण माझ्याकडेच राहील. उद्या सगळ्यांना हा बोर्ड दाखव, मग झाकण घेऊन जा. भर पबात माझं नाव घालवलंस, भर पबातच परत आण."

डेस निघाला, तांब्याची बाजू छातीशी घट्ट दाबून. ब्रॉनविनने खिडकीच्या काचेवर टकटक केलं.

"उलटं धर रे! लोकांना वाचता आलं पाहिजे!"