तळघरातली विभूती

दत्तात्रेय बापटांच्या तळघराच्या पायऱ्यांवर माणसं दाटीवाटीने उभी होती. खाली टाइल्स बसवायच्या राहिलेल्या कोब्यावर रोज पांढरी भुकटी उगवत होती. पुसली की पुन्हा हजर!

"ही विभूती!" रघूबुवा गरजले. "टाइल्स घालून धरणीमातेचा गळा दाबू नका. खिडक्या मिटा, शेगडी पेटती ठेवा आणि लेकरू इथेच निजवा. दमा पळालाच समजा!"

लेकरू म्हणजे बापटांची भार्गवी, माझी पेशंट. बुवांनी तिचा पंपही बंद करवला होता. भिंतींवर बुरशी, वर कोळशाचा धूर, आणि पोर खांदे उचलून श्वास ओढत होती. माझं डोकंच फिरलं.

"पद्मजावहिनी, हिला आधी वर न्या. पंप द्या," मी तिच्या आईला म्हटलं.

"बुवा म्हणतात, मध्येच उठवली तर कोप होईल हो."

"देवाची मस्करी नाय करायची, डॉक्टर," शेजारच्या गंगूबाईंनी मला दटावलं.

मी कोपऱ्यातली भुकटी पुसून तिथे प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि कडा चिकटपट्टीने बंद केल्या. "बघू, विभूती याच्याखाली उगवते का." पुढे बोलू न देता बापटांनी मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या वाटेवर, रिक्षातच, भार्गवी गेली.

तेराव्यानंतर बापटांनीच मला बोलावलं. बुवाही आले होते. मी कागद उचलला. खाली पाण्याचे थेंब आणि काळपट ओला कोबा. भुकटीचा कण नाही.

"सुतकामुळे विभूती रुसली," बुवा म्हणाले.

"मग कागदाच्या बाहेर कशी नाही रुसली?" तिथे पांढरा थर तसाच होता.

बुवा पायऱ्या चढून चालते झाले.

मी बापटांना सांगितलं, "मागे कापलेली दरड आहे. जांभा दगडात मुरलेलं पाणी क्षार घेऊन कोब्यात चढतं. पाणी सुकतं, क्षार उरतो. माठाला बाहेरून पांढरं धरतं ना, तेच हे. शेगडीने ते लवकर सुकत होतं, इतकंच. कागदाखाली सुकलं नाही."

बापट भिंतीला टेकले. "गवंडी म्हणाला होता, आधी मागे गटार काढा, खाली प्लॅस्टिक घाला, मग कोबा. पण गणपतीला मुंबईची माणसं येणार, खोली हवी म्हणून मीच भर पावसात उरकायला लावलं."

पुढे त्यांनी कोबा फोडला, गटार काढलं, प्लॅस्टिक अंथरून नवी जमीन केली. खोली आता ठणठणीत कोरडी आहे. पद्मजावहिनी मात्र खाली उतरत नाहीत.

बाबांनो, जमिनीला ओल आली तर गवंडी बोलवा. पोराला धाप लागली तर डॉक्टर. देवाला यात ओढू नका.