चांगल्या डोळ्यावरची पट्टी

सासू जिवंत असताना तिला न विचारता पोर कडेवर घेऊन मिरजेची यष्टी धरणारी सून तुम्ही पाहिलीय का? आमच्या घरात होती. अंजना तिचं नाव. बरं, गेली ती गेली. येताना काय घेऊन आली? माझ्या साडेचार वर्षांच्या नातीच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा, आणि एका डोळ्यावर चिकटवलेली पट्टी. पट्टी तरी कुठल्या डोळ्यावर? चांगल्या! वाकडा होता तो उघडा टाकलेला, आणि सरळ, पाणीदार डोळा झाकून ठेवलेला.

"अगं ए शहाणे," मी सोप्यातनंच ओरडले, "दुखतंय एका पायाला आन फडकं बांधलंस दुसऱ्या पायाला?"

"डॉक्टरीणबाईंनी असंच सांगितलंय, आत्याबाई."

"मग त्या डॉक्टरीणबाईला बी एक पट्टी बांध. तोंडाला!"

ही गोष्ट शहात्तर सालची, कडेगावाजवळच्या आमच्या गावातली. माझा कृष्णात तेव्हा पलटणीत होता. एकाहत्तरची लढाई चालू असताना त्याची लेक जन्मली, म्हणून तिचं नाव विजया. काय दिवस होते ते! पोस्टमन भाऊसो दारात सायकल लावायचा आणि कृष्णातचं पत्र वाचून दाखवायचा. मी दुसरी यत्ता शिकलेली, अडखळत का होईना, मला वाचता यायचं. तरी मुद्दाम त्याच्याकडूनच वाचून घ्यायची, कारण भाऊसोनं वाचलं की सगळ्या आळीला ऐकू जायचं.

विजया तीन वर्षांची झाली आणि तिचा डावा डोळा नाकाकडे वळू लागला. नेमकी त्याच महिन्यात कृष्णातला बढती होऊन नाईकची फीत मिळाली, आणि आमच्या विहिरीवर विजेची मोटार बसली. झालं! तिरळी पोर भाग्याची, असं माझी आई सांगायची, तिची आई सांगायची. मीही गावभर सांगितलं. मग काय, कुणी नवी म्हैस आणली तरी दावं आधी विजयाच्या हातात द्यायचे.

आणि आता सून ते भाग्यच पुसायला निघाली होती. शेजारची बनुबाई कुंपणावरून म्हणालीसुद्धा, "चंद्राबाई, चार डोळ्यांची नात! हिला उद्या कोण करून घील गं?" माझ्या काळजात काटा मोडला.

पट्टी लावली की विजया रडायची. चौकटीला धडकायची. ताटातली भाकरी चाचपायची. मला वाटलं, ह्या पट्टीनंच पोर आंधळी होणार! मग मी काय केलं ते सांगते, लपवत नाही. अंजना उसाच्या भांगलणीला, तण काढायला गेली की मी पट्टी अलगद सोडवायची, आणि ती यायच्या आत परत चिकटवायची. रोज. महिनाभर. पोरीलाही पढवलं, "आईला सांगायचं न्हाई हं."

महिन्यानं पुन्हा मिरजेला बोलावलं होतं. या खेपेला मीही निघाले, त्या डॉक्टरीणबाईला जाब विचारायला. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले, नाकात नथ घातली. भांडायला जायचं तरी नीट जावं! तासगाव आलं तसे द्राक्षांचे मांडव लागले. तवा त्यांचं लय अप्रूप, सगळी यष्टी खिडकीकडं वाकायची. मी विजयाला म्हणाले, "बघ बघ, वेल कसं चढल्यात!"

"कुठं गं आजी?" पोर काचेला नाक लावून म्हणाली.

मी सुनेकडं वळले. "बघ. तुझ्या पट्टीची करामत."

दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी तासगावच्या मेहरुनबी बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, लुगडंही माझ्यासारखं हिरवंच. संगं त्यांची बारा वर्षांची नात, आबेदा. तिचाही एक डोळा वळलेला.

"भाग्याची हाय की पोर," मी कौतुकानं म्हणाले.

"आमीबी तसंच म्हणत ऱ्हायलो, बाई," मेहरुनबी म्हणाल्या. "परवा चांगल्या डोळ्यात जोंधळ्याचं कुसळ गेलं, तवा कळलं, दुसऱ्यानं हिला कायबी दिसत न्हाई. आता डॉक्टरीणबाई म्हणत्यात, आपरेशन करून डोळा सरळ हुईल, पर नजर येणार न्हाई. ल्हानपणीच आणायला पायजे हुती."

"नशीब, दुसरं काय."

"नशिबाला कशाला बोल लावू? सून चवथ्या वर्साला आणणार हुती. आडवी मीच पडले."

मी तोंड फिरवलं. पण ते बोलणं कानातून निघेना.

तेवढ्यात आम्हाला आत बोलावलं. दार उघडंच होतं. डॉक्टरीणबाईंनी विजयाला तपासलं आणि अंजनाला विचारलं, "काहीच फरक नाही. पट्टी दिवसभर लावता का?"

"चुकलं माझं," अंजना खाली बघत म्हणाली. "शेतात जाते, ऱ्हाऊन जातं."

"राहून जातं? पोरीच्या डोळ्यापेक्षा ऊस मोठा का हो?" डॉक्टरीणबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. आणि मी? सगळ्या गावाला बोलणारी मी, नाकातली नथ सारखी करत उभी राहिले.

मग त्या मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही बाहेर बाकावर बसा बघू. काही बोलू नका." मी मेहरुनबींच्या शेजारी जाऊन बसले. डॉक्टरीणबाईंनी विजयाला दारात उभं केलं. चांगल्या डोळ्यावर पट्टी, वर चष्मा. "जा, आजीकडं जा."

दहा पावलं असतील. पोर हसत हसत आली, आणि मेहरुनबींच्या मांडीत तोंड खुपसून म्हणाली, "आजी!"

देवा रे! माझी नात माझ्या हाताच्या अंतरावर, आणि तिला मी दिसत नव्हते! तिला दिसत होतं नुसतं हिरवं लुगडं!

मेहरुनबींनी तिला कुरवाळलं आणि हळूच माझ्या मांडीवर दिलं. मी उठले ती थेट आत गेले.

"डॉक्टरीणबाई, सुनंला बोलू नगा. पट्टी मी काढत हुते!"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्याकडे बैल आहेत ना?"

"चार हायत."

"जोडीतला एक तगडा आणि एक आळशी असला, तर?"

"तगडाच वढतो. दुसरा नुसता संगं चालतो."

"मग आळशाला कामाला कसं लावता?"

"तगड्याला गोठ्यात ठिवायचं, आन..." मी म्हणाले, आणि माझं मलाच कळलं.

"डोळ्यांचं तसंच आहे. हिचा डावा डोळा आंधळा नाही, त्याला बघायची सवयच लागली नाही. चष्म्यानं तो सरळ राहील, पट्टीनं कामाला लागेल. पण हे कोवळ्या वयातच होतं, आजी. पोर सात-आठ वर्षांची झाली की फार अवघड."

पुढं दीड वर्ष पट्टी चालली. ती लावायची मीच. बनुबाई काही बोलली तर तिला उत्तरही मीच द्यायची, आणि ते इथं सांगण्यासारखं नाही. विजयाचा डोळा सुधारला. आज ती शाळेत शिकवते आणि पहिल्या दिवशी एकेक पोराचा एकेक डोळा झाकून बघते.

बायांनो, लेकराचा डोळा वळला तर त्याला भाग्य म्हणू नका, ते दुखणं आहे. कुणाला चष्मा पुरतो, कुणाला पट्टी लागते, कुणाला आपरेशन. काय लागेल ते डॉक्टर सांगतील, पण वेळेत न्यायचं काम आपलं. आणि चष्म्याची लाज कसली धरता? लाज धरावी ती डॉक्टरला न दाखवण्याची.

त्या दिवशी परतताना मिरजेच्या स्टँडवर विजया माझ्या खांद्यावर झोपली होती. मी अंजनाला विचारलं, "पट्टी मी काढतीया, हे तुला ठावं हुतं न्हवं?"

"व्हय. रोज सांजच्याला एक कड सुटलेली असायची."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमचा मान, आत्याबाई..."

"मान!" मी एवढ्यांदा ओरडले की कंडक्टरनं वळून पाहिलं. "पोरीच्या डोळ्याहून माझा मान मोठा व्हय गं? मी चुकले ती चुकले, पर तुला दिसत असून तू गप बसलीस. महिना वाया गेला त्यो निम्मा माझा आन निम्मा तुझा. फुडं मी चुकताना दिसले तर चारचौघांत वरड माझ्यावर. तवाबी गप बसलीस, तर तू माझी सून असशील, पर हिची आई न्हवंस!"