विषाणू यायच्या आधी

“अन् लाइट गेली तं?”

सत्यभामाबाईंनी हे विचारलं तेव्हा सुरभी मॅडमचं वाक्य अर्ध्यावरच होतं. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीपलीकडे नव्याने उभ्या राहिलेल्या विषाणू प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. इथे काम करणाऱ्यांच्या घरच्यांना आज त्या स्वतः इमारत दाखवत होत्या. विषाणू अजून यायचे होते. सोमवारी ते आले, की बाहेरच्या माणसाला या दारातून प्रवेश नाही, मग तो मंत्री असो की कुणाची माय.

“जनरेटर आहे, मावशी. तो बंद पडला तर दुसरा आहे.”

“अन् थो बी बंद पडला तं?”

“मग काम थांबवायचं, सगळं झाकायचं आणि बाहेर यायचं. दारं बंदच राहतात.”

पायलने आईचा पदर हळूच ओढला. बाकीची मंडळी, इथे फोटो काढायला मनाई म्हणून आधीच हिरमुसली होती. त्यांना कधी एकदा चहा मिळतो असं झालं होतं.

प्रश्न विचारायची सत्यभामाबाईंना खोडच होती. सारी उमर यवतमाळच्या जिनिंगमध्ये कापूस उपसण्यात गेली, पण भाव काहून पडला हे त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं नाही असा एक हंगाम गेला नसेल. आजची गोष्ट मात्र निराळी होती. नवरा, मारोती, गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. पायल उशिरा झालेली, एकुलती. ती लॅब टेक्निशियनची परीक्षा पास झाली तेव्हा बाईंनी मोहल्लाभर पेढे वाटले, आणि नोकरी विषाणूंच्या घरात लागली म्हणताच जेवण टाकलं. शेवटी पायलनेच तोड काढली होती. “तू ये, डोळ्यानं पाह्य, काय विचारायचं थे विचार. तरी नाही म्हनशील तं मी नाही जात.”

म्हणजे निकाल सत्यभामाबाईंच्या हातात होता, आणि खरं सांगायचं तर तो घरून निघतानाच लागला होता. नाहीच म्हणायचं. फक्त सांगण्यासारखं कारण अजून सापडत नव्हतं.

मॅडमनी पातळ कागदाची एक पट्टी दाराच्या फटीशी धरली. पट्टी आतल्या बाजूला ओढली गेली. “हवा कायम बाहेरून आत जाते. आतली बाहेर सोडायची ती गाळूनच.”

“मले द्या,” म्हणून बाईंनी पट्टी घेतली. वरच्या फटीशी धरली, खाली वाकून उंबऱ्याशी धरली, मग गुडघे टेकून कोपऱ्यात धरली. पट्टी प्रत्येक वेळी आतच वळली. क्षणभर आपण कशाला आलोय हेच त्या विसरल्या.

“जिनिंगमधी असं असतं, तं माह्या छातीत इतकी रुई गेली नसती,” त्या उठत म्हणाल्या.

पुढे मोठ्या कुकरसारखं यंत्र होतं. आतला सगळा कचरा आधी त्यात वाफेवर शिजणार. मग न्हाणीघर. बाहेर येताना प्रत्येकाने डोक्यावरून आंघोळ करायची.

“रोज?”

“रोज, मावशी.”

“हे तं रविवारीच केस धुते,” बाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पायल लाजेने अर्धी झाली.

न्हाणीघरापाशी बाई रेंगाळल्या. बाकीचे चहाकडे वळले तशा त्यांनी मॅडमना गाठलं. आवाज खाली आणला.

“मॅडम, इथं देवी बी ठेवसान का?”

“देवीचा रोग? नाही. तो जगातून केव्हाच गेला.”

“गेला म्हंजे कुठी गेला?”

मॅडम हसणार होत्या, पण बाईंचा चेहरा पाहून थांबल्या. “माणसांत उरला नाही. दोनच प्रयोगशाळांत त्याचे विषाणू कडीकुलपात ठेवलेत. परदेशात.”

“मारून काहून नाही टाकत?”

“त्यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. काही म्हणतात, मारा. काही म्हणतात, पुन्हा कुठून उगवला तर औषध पारखायला हाताशी हवा.”

“म्हंजे जितीच हाये थे अजून.” बाई भिंतीजवळच्या बाकावर बसल्या. “माह्या भावाले तिनंच नेलं. इंद्रजितले.”

“तुले भाऊ होता?” मागेच थांबलेली पायल म्हणाली. तिने हे नाव घरात कधी ऐकलं नव्हतं.

“होता. माह्याहून मोठा. गावात देवीडॉक्टर टोचाले आला. लोकं सांगत, टोचलं का ताप येते, हात सडते, लेकरू दगावते. मायनं इंद्रजितले तुरीच्या कणगीत लपवलं. वरून पोतं टाकलं.”

“आणि तुम्हाला?” मॅडमनी विचारलं.

“मी आंगनातच खेळून राह्यली होती. पोरीले कोन लपवते?” त्यांनी पोलक्याची बाही वर सारली. दंडावर रुपयाएवढा खोलगट वण होता. “मले धरलं अन् टोचलं. त्याच साली गावात देवी आली. इंद्रजित गेला. माह्या अंगावर एक फोड नाही उठला.”

इतकी वर्षं बाईंनी हे सांगितलं नव्हतं, कारण सांगणार तरी कसं? आईला आपण कमी प्यारे होतो म्हणून आज जिवंत आहोत, हे कुठल्या तोंडाने बोलायचं? आई मरेपर्यंत त्यांनी तो राग धरला होता, तिच्या शेवटच्या आजारातसुद्धा. आता पायल समोर उकिडवी बसून त्यांच्या वणावरून बोट फिरवत होती, आणि बाईंच्या मनात आलं, आपल्याही घरात कणगी असती तर आपण या पोरीला त्यात कोंबून वर बसलो असतो. महिनाभर दुसरं काय चाललं होतं? आई गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांना आईसाठी रडू आलं.

“आई, चाल घरी,” पायल म्हणाली. “मी नाही करत हे काम. सांगतो मॅडमले.”

“थांब.” बाईंनी डोळे पुसले. “मायचा लई जीव होता त्याच्यावर. म्हूनच गेला थो. मी तुले नाही लपवत.”

“आई, तू भेऊन राह्यली.”

“भेऊनच राह्यली. मंग? जाय तू.”

मॅडमनी घसा साफ केला. “पायल, मग मास्कचं माप आजच देऊन टाक. आत माप घ्यायला शीला बसलीय.”

पायल उठली. पहिलं दार उघडून ती मधल्या खोलीत गेली. ते दार पुरतं लागलं, तेव्हाच पुढचं उघडलं. बाई काचेला कपाळ टेकून उभ्या होत्या. पलीकडे गेल्यावर पायल वळली आणि हात हलवत काहीतरी म्हणाली. काच जाड होती. ऐकू काहीच आलं नाही. सत्यभामाबाईंनी सगळं कळल्यासारखी मान हलवली.