उरलेले दाणे

मित्रांनो, मी पत्र्याचा ट्रे. चहाचे कप घेऊन पाहुण्यांपुढे मिरवायचो. मग अंगावरची फुलं खरवडली, कडांना पोचे आले आणि घरातल्या ताईंनी मला कामावर नेलं. ताई वाळवंटी उंदरांवर संशोधन करतात.

जाळीने बंद केलेल्या आवारात त्या मला झुडपाखाली ठेवत. माझ्यात वाळू, वाळूत दाणे. सकाळी वाळू चाळायची आणि उरलेले दाणे तोलायचे. घाबरलेला जीव चार घास घेऊन पळतो. म्हणून जितकं जास्त उरेल तितकी भीती जास्त, असा त्यांचा हिशेब.

झुडपाखाली दांडगे उंदीर आधी येत. तुटक्या कानाची एक बारकी उंदरीण आली की तिला चावून हाकलत. ते तृप्त होऊन गेले की ती उरलंसुरलं उकरायची. बिळात पिल्लं होती. दुधाने जड झालेलं तिचं पोट माझ्या काठाला घासायचं.

मग ताईंनी मला उघड्यावर ठेवलं, वर कॅमेरा लावला. प्रयोगासाठी पाळलेलं घुबड ताई अधूनमधून आवारात सोडत, म्हणून दांडगे तिथे फिरकले नाहीत. ती आली आणि तळ गाठून गेली.

सकाळी कॅमेरा बघून ताईंचा धाकटा भाऊ हसला. "ताई, तुझी तुटक्या कानाची बया ट्रे घासूनच देते की."

"धीट आहे रे. हिला भीती म्हणून नाही."

"मग सोडू घुबड? उपाशीच ठेवलंय."

"सोड. बघू किती धीट ते."

मला तोंड असतं तर सांगितलं असतं. ती धीट नव्हती. झुडपाखाली दात होते, वर पंख. दात रोज भेटत, पंख कधीतरी. तिने त्या 'कधीतरी'च्या भरवशावर जीव पणाला लावला होता.

अंधार पडता पडता ती आली. हवा हुंगली, दोनदा मागे फिरली. मग माझ्यात उतरून गाल भरू लागली. घुबड उडताना आवाज होत नाही, मित्रांनो. सावली पडली, थोडी वाळू उडाली.

सकाळी दाणे जवळजवळ तसेच होते. ताई खूश. "आता कशी दिसली भीती."

"तिला पिल्लं होती वाटतं गं."

"असतील. चल, दाणे भर."

मी जमिनीला टेकलेला असतो. खालच्या बिळातली पिल्लांची चिंचिं दिवसभर ऐकली. दुसऱ्या दिवशी बारीक झाली. मग थांबली.

मित्रांनो, कुणी ताट चाटूनपुसून साफ केलं, तर त्याला धीट म्हणू नका, हावरट तर नकोच. आधी त्याला कुठून हाकललं होतं, तेवढं विचारा. तुम्हाला विचारता येतं.